दसऱ्यानंतरचं सरपण : कधी तोडायचं, कसं फोडायचं, कुठं रचायचं

धोमकाठ (वाई)

परतीचा पाऊस थांबला, सोयाबीन-भुईमूग घरात आला, रानातल्या वाटा वाळल्या. पुढच्या पावसाळ्याचं सरपण तोडायची वेळ हीच आहे असं माझं ठाम मत आहे, आणि नेमकं ह्याच दिवसांत आपल्याकडं तिकडं कुणी बघत नाही. म्हणून हा धागा.

आमच्या भागात सरपणाची आठवण वैशाखात होते. लग्नं, नांगरट, कौलं चाळणं ह्या गर्दीत एखादी बाभूळ पाडायची, मोठमोठे ओंडके पडवीत ढकलायचे आणि लागेल तसं आषाढात फोडायचं. फोडताना आतून हाताला ओल लागते. मग फुंकणी, रॉकेलचा बोळा, डोळ्यांना पदर. घरोघर हेच चाललंय आणि लोक दोष चुलीला देतात.

ताज्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असतं. नीट पेटायला ते वीस टक्क्यांच्या खाली यावं लागतं. लाकडातलं पाणी मुख्यतः रेषेच्या दिशेनं, दोन्ही तोंडांकडून बाहेर पडतं, आणि साल ते कडेनं अडवून धरते. त्यामुळं सालीसकट अखंड ओंडका वर्षभर पडून राहिला तरी गाभ्यात ओला निघू शकतो, आणि तोच चार फाका करून आखूड ठेवला तर काही महिन्यांत ठणठणीत होतो. तोडणं, कापणं आणि फोडणं ही कामं एकाच हंगामात उरकायची ती ह्यासाठी. नुसतं तोडून ठेवणं म्हणजे साठवण नव्हे.

आत्ता फोडलेल्या लाकडाला ऑक्टोबरचं ऊन मिळतं, मग थंडीतली कोरडी हवा, मग फाल्गुन-चैत्र-वैशाख. सलग सात महिने. वैशाखात फोडलेल्याला जेमतेम महिना.

आणखी एक. बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी ही लाकडं ओली असतानाच फुटतात. बाभूळ वाळली की कुऱ्हाड उसळते आणि पाचर अडकते. निलगिरीची रेषा पिळाची असते, ती वाळल्यावर तर मुळीच ऐकत नाही. म्हणजे कष्टाच्या हिशेबानंही आत्ताच फोडणं स्वस्त पडतं.

रचताना मी खाली दगडांच्या दोन ओळी आणि त्यावर आडवे वासे घालतो. जमिनीपासून वीतभर तरी उंच, भिंतीपासून हातभर लांब, तोंडं वाऱ्याच्या दिशेला. सगळ्यांत वरच्या थराला साल वर, म्हणजे दव आणि एखादी अवकाळी सर ओघळून जाते. वरून फक्त पत्रा. चारही बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला की आतली वाफ आतच फिरते आणि बुरशी धरते.

वाळलं की नाही हे ओळखायला राशीतल्या एका फाकेला रंगाचं बोट लावून ठेवा आणि आठवड्याला तेवढीच काट्यावर धरा. वजन उतरायचं थांबलं की त्या हवेत जेवढं वाळायचं तेवढं वाळलं. काटा नसेल तर दोन फाका एकमेकींवर आपटा. वाळलेल्या टणकन् वाजतात, ओल्यांचा आवाज बद्द येतो. तोंडाला चिरा पडलेल्या दिसतात, साल बोटानं निघते.

तुमच्याकडं कसं करता ते लिहा. कोरडा माण तालुका आणि पावसाचं कोयना खोरं दोन्ही एकाच सातारा जिल्ह्यात, त्यामुळं एकच रीत सगळीकडं लागू पडणार नाही हे मला कळतं.

माणगंगा (म्हसवड)

दादा, तुमचं खरं हाय, पण आमच्याकडं पाऊसच वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. होळीला तोडलेली बाभूळ आषाढातल्या बेंदरापर्यंत कडकडीत वाळती. त्यामुळं ओलीचा त्रास आम्हाला कमीच. आमचा वैरी उधई, म्हंजे वाळवी. रास जमिनीला टेकली की खालून मातीच्या नळ्या चढत्यात, आणि वरून लाकूड साबूत दिसतं पण उचललं की हातात टरफल येतं.

मातीच्या भिंतीला लाकूड कधी टेकवू नका. उधई लाकडातनं भिंतीत आणि भिंतीतनं तुळईत जाती. दगड घालायचाच, आणि पंधरा दिवसांनी खाली वाकून बघायचं. नळी दिसली की मोडायची आणि तेवढा भाग उन्हात पसरायचा. राख पसरतात लोकं, तिनं थोडा फरक पडतो, पण पहिल्या पावसात राख वाहून गेली की काही उपयोग नाही.

बाभळीच्या निखाऱ्याची सर मात्र कशाला येत नाही. भाकरी टम्म फुगवायची तर बाभूळच. तुरकाट्या पेटवायला झ्याक, पण भडकून लगेच संपत्यात.

कोयनाखोरे (पाटण)

आमच्याकडचं गणित अगदी उलटं. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर सूर्य कधी दिसला हे लक्षात राहतं, इतका क्वचित दिसतो. धोमकाठ दादांनी दसऱ्याचा मुहूर्त सांगितला तो आमच्यासाठी सक्तीचाच आहे. दुसरी संधीच नाही.

पण त्यांनी एक गोष्ट लिहिली नाही. लाकूड एकदा वाळलं म्हणजे काम संपलं असं नसतं. ते हवेतला दमटपणा परत ओढतं. आमच्या खोऱ्यात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की चैत्रात बारा टक्क्यांवर आलेलं लाकूड पत्र्याखाली कोरडं ठेवलं तरी श्रावणापर्यंत वीसच्या आसपास जातं. म्हणून आमच्या घरात साठवण दोन ठिकाणी असते. मोठी रास गोठ्याशेजारच्या पडवीत, पश्चिमेची बाजू झडीसाठी पूर्ण बंद आणि बाकीच्या बाजू मोकळ्या. त्यातलं आठवड्यापुरतं सरपण चुलीवरच्या माळ्यावर. चुलीची ऊब त्याला सारखी लागते आणि ते पुन्हा कडक होतं. जुन्या घरांत चुलीवर माळा बांधायचे त्याचं हे कारण. नव्या आरसीसी घरात चूल पडवीत आली, माळा गेला, आणि मग लोक म्हणतात लाकूड पेटत नाही.

लाकडाच्या जातींबद्दल थोडं. ऐन, किंजळ, जांभूळ ही आमची चांगली जळाऊ लाकडं, पण त्यांना हात लावण्याआधी कायदा बघा. पांगारा, शेवगा, काटेसावर जळणाला घेऊ नका. हलकं लाकूड, रास मोठी दिसते आणि चूल रिकामी होते. बिब्ब्याचं झाड ओळखता येत नसेल तर जाणत्या माणसाला दाखवूनच तोडा. त्याचा चीक उतला की अंगभर फोड येतात. शेराचा चीक डोळ्यात गेला तर दवाखानाच. कण्हेरीची काटकी चुलीत घालू नये, तिचा धूरसुद्धा विषारी.

वनवाट (सातारा)

कायद्याचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहितो, कारण ह्यात गैरसमज फार आहेत. 'माझ्या बांधावरचं झाड, मी तोडणार' हे प्रत्येक झाडाला चालत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ च्या अनुसूचीत जी झाडं आहेत ती खासगी जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिबळा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. म्हणजे वर ज्यांची नावं आली त्यांतली ऐन, किंजळ, जांभूळ तिन्ही त्या यादीत आहेत. बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी त्या यादीत नाहीत.

नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा लागतो, तिथं कुठलंही झाड असो, आधी अर्ज. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथले नियम आणखी कडक. तोडलेलं लाकूड गाडीत घालून दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर वाहतूक परवान्याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी करा, नाक्यावर नको.

आणि माझी मनापासून विनंती : सरपणासाठी मोठं झाड बुंध्यातून पाडू नका. सुबाभूळ बांधावर लावा, कमरेएवढ्या उंचीवर छाटा. पुन्हा फुटते, दोन-तीन वर्षांत मनगटाएवढ्या फांद्या देते. तेवढ्या फोडाव्यासुद्धा लागत नाहीत.

कृष्णामाई (सांगलीवाडी)

आम्हा नदीकाठच्यांना ऊन-वाऱ्याआधी पुराचा विचार करावा लागतो. २०१९ च्या ऑगस्टात आणि परत २०२१ च्या जुलैत पाणी घरात आलं तेव्हा गल्लीतली सगळी लाकडं तरंगून गेली. नुसती गेली असती तरी चाललं असतं. वाहते ओंडके दारांवर आणि भिंतींवर आदळत होते, त्यानं जास्त नुकसान झालं. तेव्हापासून आमच्या घरात वर्षाचं लाकूड खाली रचत नाही. स्लॅबवर, कठड्याच्या आत, दोरखंडानं बांधून. खाली फक्त महिन्याचं.

पुरात भिजलेलं लाकूड फेकू नका असं मात्र सांगेन. गाळ धुऊन, उन्हात सुटं-सुटं पसरून ते परत वाळतं. आधी तोडलेल्या लाकडात बाहेरून शिरलेलं पाणी मूळच्या रसापेक्षा लवकर निघतं.

आमच्याकडं हळद शिजवायला माघ-फाल्गुनात जळण लागतं. बहुतेक पाचटावर भागतं, पण कायलीला उकळी धरून ठेवायला मधूनमधून जाड लाकूड लागतंच. ते आत्ता फोडलेलं असलं तर तोवर बऱ्यापैकी वाळतं, त्यामुळं आमचाही मुहूर्त दसराच.

द्राक्षवेल (तासगाव)

आमच्याकडं सध्या द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी चालू आहे. एकराएकरातून काड्यांचे ढीग निघतायत आणि बरेच जण बांधावरच पेटवतात. ह्या काड्या वाळवून पाणी तापवायच्या बंबाला वापरल्या तर कसं? बोटाएवढ्या जाड, पंधरा दिवसांत वाळतात.

माणगंगा (म्हसवड)

बंबाला एक नंबर. फुकटचं जळण जाळून का टाकायचं?

कोयनाखोरे (पाटण)

थोडं थांबा. द्राक्षाच्या काडीवर वर्षभर फवारे पडलेले असतात. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना, मोरचुदातलं तांबं सालीवर बसून राहतं आणि जळून नाहीसं होत नाही, राखेत उतरतं. बंब अंगणात असेल, धूर मोकळा जात असेल तर एकवेळ ठीक. स्वयंपाकाच्या चुलीत मी घालणार नाही, आणि ती राख भांडी घासायला तर अजिबात नको.

द्राक्षवेल (तासगाव)

पटलं. मग काड्या बारीक करून बागेतच वरंब्यावर आच्छादन करतो. रोगट वेलींच्या तेवढ्या बाजूला काढीन. बंबासाठी बांधावरची सुबाभूळ छाटतो.

कराडची_लेक (सध्या पुणे)

सगळे तोडण्या-फोडण्याबद्दल लिहितायत. मला चुलीपुढं बसणारीच्या बाजूनं लिहायचंय. माझ्या माहेरी गॅस आहे, तरी आंघोळीचं पाणी, सणाचा स्वयंपाक, तूप कढवणं चुलीवरच. आई अजून रोज पहाटे चूल पेटवते.

आधी हिशेब. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून जेवढी उष्णता भांड्याला लागते, तेवढी साध्या तीन दगडांच्या चुलीवर मिळवायला पावणेदोनशे-दोनशे किलो वाळकं लाकूड जातं, कारण अशा चुलीत उष्णतेचा दहा-पंधरा टक्के भागच भांड्याला मिळतो. वीस लिटर पाणी तीस अंशांनी तापवायचं तर एक किलोच्या पुढं लाकूड. हे सगळं कुणीतरी तोडतं, वाहतं, फोडतं. ओलं लाकूड म्हणजे ह्या कष्टाची नासाडी.

पण ओल्या लाकडाचं खरं नुकसान कुठं होतं ते बघा. दहा किलो ओल्या लाकडात पाच किलो पाणी धरलं, तर त्याची वाफ करायला साधारण तीन हजार किलोकॅलरी जातात. उरलेलं पाच किलो लाकूड वीस हजारांच्या वर देतं. म्हणजे पाण्यानं सातवा हिस्साच खाल्ला. बाकी तोटा होतो तो धुरात. जाळ थंड पडतो, लाकडातून निघणारा वायू पेट घेत नाही आणि तसाच बाहेर पडतो. तो धूर म्हणजे न जळलेलं जळण, आणि ते आईच्या छातीत जातं. मला सरपणाच्या वाळण्याशी एवढं देणंघेणं आहे ते त्यामुळं.

म्हणून फोडणाऱ्यांना सांगणं : फाकेची जाडी तुम्ही परस्पर ठरवू नका. चूल पेटवणाऱ्या बाईला विचारा. तिला पेटवायला बोटाएवढ्या ढलप्या लागतात, भाकरीला मनगटाएवढ्या, आणि पुरणाला किंवा दूध आटवायला मंद जळणारा एखादा जाड तुकडा. तिन्ही वेगवेगळे रचले तर पहाटे अंधारात तिला रास उपसावी लागत नाही. घराघरांत बाया कोयत्यानं परत बारीक करत बसतात, कारण फोडणाऱ्यानं सगळं एकाच मापाचं करून ठेवलेलं असतं.

आणि थंडीत निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत किंवा बंद न्हाणीघरात ठेवून झोपू नका, बसू नका. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असं नसतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

धोमकाठ (वाई)

ताई, फार मोलाचं लिहिलंत. तीन मापांच्या तीन राशी हे मी ह्याच हंगामापासून करतो. विकत घेणाऱ्यांसाठी तुमच्या हिशेबाला एक जोड : वखारीत लाकूड वजनावर मिळतं. ओलं घेतलं तर निम्मे पैसे पाण्याचे. दर थोडा जास्त असला तरी तोंडाला चिरा पडलेलं, फोडलेलं लाकूड स्वस्त पडतं. आणि ओलंच मिळत असेल तर आत्ता घ्या, पुढच्या वर्षासाठी.

वारणाकाठ (शिराळा)

बाकी सगळं आलं, पण लाकडाच्या राशीत कोण राहतं ते राहिलं. चांदोलीच्या बाजूला आमची गावं, आणि नागाशी शिराळ्याचं नातं सगळ्यांना ठाऊक. सुगी झाली, रानं मोकळी झाली की उंदीर घराकडं येतात आणि त्यांच्यामागं घोणस, नाग, मण्यार. डोंगरउतारावर दगडात फुरसं. खाली पोकळी असलेली रास म्हणजे त्यांना आयती जागा. वाळायला पोकळी लागतेच, मग काळजी आपण घ्यायची.

रास दारापासून आणि गोठ्यापासून लांब रचा. भोवतीचं गवत खरवडून काढा. धान्याची पोती शेजारी नकोत. फाक वरून काढायची, मधून हात घालून ओढायची नाही. आधी काठीनं दोनदा ठोका आणि जरा थांबा. अंधारात बॅटरीशिवाय जाऊ नका, पायात बूट घाला. विंचू सालीखाली असतो, म्हणून सुटलेली साल फोडतानाच काढून टाकलेली बरी. सालीखालीच पोखरणारे भुंगेरेही अंडी घालतात, तेही कमी होतं.

चावलंच तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. माणसाला चालवू नका, चावलेला भाग हलू देऊ नका आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा, प्रतिविष तिथं मिळतं. साप मारायच्या किंवा धरायच्या मागं लागून वेळ घालवू नका.

नवाघरी (इस्लामपूर)

मी नुकताच गावी परत राहायला आलोय, कुऱ्हाड कधी धरलेली नाही. फोडायचं कसं ते कुणी सांगेल का? ओंडक्याच्या मधोमध मारतो आणि कुऱ्हाड अडकते.

माणगंगा (म्हसवड)

भावा, मधी नको मारू. कडेनं ढलप्या काढत आत ये. तोंडाला आधीच चीर असंल तर तिच्यावरच घाव घाल. गाठ असलेला तुकडा बाजूला ठेव, तो घण-पाचरीचं काम. खाली जाड बुंध्याचा ठोकळा घे, जमिनीवर ठेवून मारशील तर धार दगडावर जाईल. पाय फाकवून उभा राहा, घाव चुकला तर कुऱ्हाड ठोकळ्यात रुतली पाहिजे, नडगीवर यायला नको. समोर पोरंबाळं उभी राहू देऊ नको, ढलपी डोळ्यात उडती.

दांडा बघून घे. धामणीच्या झाडाचा मिळाला तर सोडू नको, लवचीक असतो, हाताला झिणझिण्या येत नाहीत. कुऱ्हाडीचं पातं हलत असंल तर आधी पाचर ठोक, मगच कामाला लाग.

नवाघरी (इस्लामपूर)

आभारी आहे दादा. अजून एक, परवा पाडलेली सुबाभूळ फांद्या-पानांसकट पडून आहे. लगेच कापू का? आणि ढग परत जमायला लागलेत, झाकायची का?

वनवाट (सातारा)

पानांसकट आठ-दहा दिवस राहू द्या. पानं सुकेपर्यंत खोडातलं पाणी ओढून घेतात, तेवढंच आयतं वाळतं. शेळ्यांना पाला हवा असेल तर मात्र आजच काढा, आणि नुसता सुबाभळीचा पाला घालू नका, दुसऱ्या वैरणीत मिसळून घाला. बुंध्याचा काप तिरपा करा म्हणजे पाणी साचत नाही आणि फूट जोमानं येते.

धोमकाठ (वाई)

झाकू नका. ओल्या लाकडाला एका सरीनं काही होत नाही, दोन दिवसांच्या उन्हात वरचं पाणी जातं. फोडून रचून झाल्यावर वर पत्रा टाका, त्यावर दोन दगड, आणि बाजू उघड्या. फोडताना एका फाकेला रंग लावायला विसरू नका, आणि पहिलं वजन त्याच दिवशी लिहून ठेवा.